अकरा की अठरा

गोंदियाला कुडव्याच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं, तेव्हा त्याची पाटी चांगली सहा फूट लांब होती. वर 'बिसेन ऑटो गॅरेज' आणि खाली लाल अक्षरांत 'डिप्लोमा इन ऑटोमोबाईल इंजिनियरिंग'. शेजारच्या गॅरेजला पाटीच नव्हती. तरी गाडीवाले माझ्या पाटीसमोर गाडी हळू करायचे, पाटी पूर्ण वाचायचे आणि काच खाली करून मलाच विचारायचे, "भैया, शालिकभाऊ कहाँ बैठते हैं?"

मी बोट दाखवायचो. दिवसातून तीन-चारदा तरी. हातात पाना असला तर पान्यानंच दाखवायचो.

शालिक मेश्राम त्यांचं नाव. इतकी वर्षं मी त्यांच्याविषयी कुणाजवळ चांगलं बोललो नाही. लोक बोलायला लागले की मान हलवायची आणि विषय पावसापाण्यावर न्यायचा, अशी माझी रीत होती. आता लिहायला बसलोय म्हणून माझं मन फार मोठं झालंय असं कुणी समजू नये. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. साधा नाही, जेवण अंगी लागू नये इतका.

१९९९ साली ते माझ्या शेजारी आले. त्याआधी वीस वर्षं एका राइस मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा शेजारची टिनाची शेड घेऊन त्यांनी काम सुरू केलं. अंगानं किडकिडीत, पंचेचाळिशीचे, बारा महिने राखाडी हाफ शर्ट. पेन्सिल कायम डाव्या कानावर. उजव्या कानावर त्यांनी कधी काही ठेवलं नाही. एकदा मी सहज विचारलं तर म्हणाले, "हा कामाचा कान आहे जी. याले मोकळा ठेवा लागते."

तो कान म्हणजेच सगळं दुखणं होतं. चालू इंजिनावर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवायचा, त्याची मूठ उजव्या कानाला लावायची, डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात आतलं सगळं त्यांना कळायचं. हे करणारे मिस्त्री गावोगाव आहेत, मीही करून पाहायचो. मला नुसती घरघर ऐकू यायची.

नागझिऱ्यात पर्यटकांना फिरवणारी एक उघडी जीप एकदा माझ्याकडे आली होती. उभी राहिली की बंद पडायची, चालताना झटके द्यायची. मी तीन दिवस तिच्यात डोकं घातलं. प्लग बदलले, कार्ब्युरेटर दोनदा खोलून धुतला. ड्रायव्हर उईके रोज येऊन बाकावर बसायचा आणि एक शब्द न बोलता माझ्याकडे पाहायचा. तिसऱ्या दिवशी शालिकभाऊ हात मागे बांधून आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "साहेब, जरा नळाकडं या ना."

नळ सोडून, पाण्याच्या आवाजाआड ते माझ्या कानाशी कुजबुजले, "कार्ब्युरेटर चांगला आहे जी. त्याच्या खालची गॅस्केट फाटली, तिथून हवा पिऊन राहिली. तुमीच काढा. मी जातो."

काढली. सांध्यातली ती पातळ पट्टी बोटभर फाटलेली होती. जीप सुरू झाली तशी उईके उठून उभा राहिला, "बाप्पा! इंजिनियर म्हंजे इंजिनियर!" मी ती शाबासकी घेतली. शालिकभाऊ त्यांच्या शेडमध्ये पाठ करून काहीतरी घासत होते. त्यांनी चारचौघांत मला शिकवलं असतं तर मला निदान उघडपणे रागावता आलं असतं. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

घरी मी हे तावातावानं सांगितलं. बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुमी जळता का हो त्यायच्यावर?"

"जळतो कायले?" मी म्हणालो. "गॅस्केटच्या गोष्टी तुले काय समजतेत?"

शालिकभाऊंचा एक शब्द होता, जागा. नट कसताना, "थोडी जागा ठेवा जी." चहा ओतताना, "काठाले जागा ठेवा." भिंतीला कधी टेकून बसायचे नाहीत, वीतभर पुढे बसायचे. पोरीच्या लग्नाची बोलणी करायला गेले तेव्हा व्याह्यांनाही म्हणाले होते, "दोन्हीकून थोडी जागा ठिवू जी, म्हंजे घासणार नाई." माणसांनाही ते फार जवळ जाऊन बोलायचे नाहीत. ती कुजबूज सोडली तर मधे हातभर अंतर असायचंच.

आणि त्यांची वही. चौकटीच्या कागदाची दोनशे पानी. ते फक्त उजव्या पानावर लिहायचे. डावं पान कोरं. ते चुकांचं पान होतं. काम बिघडलं की त्या कामासमोरच्या डाव्या पानावर नोंद व्हायची, तीन तुकड्यांत. काय झालं, कशानं झालं, कुणाकडून झालं. मी ती पानं वाचलेली आहेत. 'हेड गॅस्केट जळली. बोल्ट कसताना घाई. शालिक.' 'सेल्फची वायर जळली. जाड घ्याले पाह्यजे होती. शालिक.' 'बेअरिंग गेलं. ध्यान नोतं, पोरीचा निकाल होता. शालिक.' मला वाटायचं, हा माणूस चुकासुद्धा इतक्या नीट कशा करतो?

आणखी एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण ती गाळली तर बाकीचं खोटं होईल. आमच्या गावी आजोबांच्या काळात बौद्ध टोलीतला माणूस आमच्या ओसरीवर बसत नसे. मी स्वतःला नव्या काळाचा समजायचो. शालिकभाऊ "जय भीम, साहेब" म्हणायचे, मीही म्हणायचो, चहा एकाच किटलीतला प्यायचो. पण गावातला एखादा मोठा शेठ त्यांच्यासाठी उठून खुर्ची पुढे करायचा, तेव्हा माझ्या आत कुठेतरी आजोबा खाकरायचे. मी त्यांना गप्प करायचो. पण खाकरायचे, हे खरं.

आता एका गाडीकडे येतो.

मिल बंद झाली तेव्हा मालकानं शालिकभाऊंना निरोपाची भेट म्हणून आपली जुनी गाडी दिली होती. मेंदी रंगाची, हजार सीसीची, पुढच्या चाकांवर ओढली जाणारी. चौघं बसले की चढावर धापा टाकायची. भंगारात जायच्या लायकीची. शालिकभाऊंनी ती शेडच्या मागे झाकून ठेवली आणि मला सांगितलं, "हिले टर्बो लावाचा आहे जी."

गोंदियात तेव्हा पेट्रोल गाडीला टर्बो कुणी पाहिलाही नव्हता. त्यांनी टर्बो पाहिला होता तो मिलच्या जनरेटरवर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेवर एक पंखा बसवायचा. धूर जाता जाता तो पंखा फिरवतो आणि त्याच दांडीवरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, म्हणजे जोर जास्त. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. शालिकभाऊंना ते मिलमधून ठाऊक होतं.

"धानाचा कोंडा आमी फेकत नोतो साहेब," ते म्हणाले. "कोंडा बॉयलरमंदी जाळाचा, अन् त्याच वाफेवर दुसरं धान उकडाचं. गाडी तं आपला कोंडा रस्त्यानं फेकत जाते. पाहून जीव तुटते जी."

त्यानंतर सहा वर्षं त्यांनी त्या इंजिनाचा एक नट खोलला नाही. फक्त लिहिलं. किती हवा कोंबायची, त्यासाठी इंजिनातला दाब आधी किती कमी करायचा, हेडखाली तांब्याची किती जाडीची पट्टी घालायची. कार्ब्युरेटरमध्ये दाबाची हवा गेली की पेट्रोल उलटं येईल, म्हणून त्याला सगळीकडून बंद अशी ॲल्युमिनियमची पेटी. टर्बो अपघातात चेपलेल्या एका डिझेल गाडीचा मिळवला. खोलगट डोक्याचे, जोर सोसणारे चार पिस्टन नागपूरच्या भंगार बाजारातून आणले, दोन वर्षं फेऱ्या मारून. तसा पाचवा पिस्टन कुठेच नव्हता. एक जरी फुटला तर सहा वर्षांचं सगळं मुसळ केरात.

मी चेष्टा करायचो. "शालिकभाऊ, गाडी वहीतच पळते का?"

"वहीत पेट्रोल लागत नाई जी," ते म्हणायचे आणि पेन्सिलीला टोक करायचे.

एकदा मी त्यांना अडवायचं म्हणून विचारलं, जोर वाढवल्यावर गाडी सरळ जाईल कशावरून? प्रश्न मलाही नीट कळलेला नव्हता, कुठेतरी वाचला होता. त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दोन दांड्या दाखवल्या. एक आखूड, एक लांब.

"एक बैल तरणा अन् एक म्हातारा जुपला का बंडी कशी जाते?"

"एका बाजूला."

"तशी ही जाईन. जोर एकदम आला का हातातलं स्टेरिंग हिसकन. म्हून जोर हळू हळू येऊ द्याचा. हे पाहा, एकविसाव्या पानावर आहे."

होतं. आकृतीसकट होतं. मी अंगावरची धूळ झटकत उठलो आणि माझ्या पाटीखाली जाऊन बसलो. माझा नुसता तिळपापड झाला होता. डिप्लोमाच्या तीन वर्षांत हे मला कुणी बैल जुंपून सांगितलं नव्हतं.

मग मीही एक ठरवलं. त्यांच्याआधी आपण टर्बो बसवायचा. नागपूरला फुटपाथवर या विषयावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं, ते घेऊन आलो. तीस पानं वाचली. मग पुस्तक टेबलावर पडून राहिलं, त्यावर चहाच्या कपांची गोल गोल वर्तुळं उमटली. मला टर्बो नकोच होता, मला शालिकभाऊंना टर्बो नको होता.

ते पुस्तक त्यांना दिसलं. २००६ ची दिवाळी जवळ आली होती. इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता यायचं, पण कोष्टकं समजायची नाहीत. दुपारी चहाच्या वेळी वही घेऊन आले, नेहमीसारखे हातभर अंतरावर उभे राहिले.

"साहेब, रिंगच्या जागेचं काई लिवलं आहे का त्याच्यात? बाकी सारं झालं. एवढंच अडून आहे."

पिस्टनवर लोखंडी रिंगा असतात. रिंग पूर्ण गोल नसते, एका ठिकाणी कापलेली असते, आणि त्या दोन टोकांमध्ये अगदी बारीक फट ठेवतात. तापल्यावर रिंग वाढते आणि फट भरून निघते. फट कमी पडली तर टोकाला टोक भिडतं, रिंग सिलिंडरमध्ये आवळते आणि पिस्टन फोडते. टर्बोत उष्णता जास्त, म्हणून फटही जास्त लागते. ती आम्ही 'थाउ'मध्ये मोजतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

मी पान काढलं. दोन रकाने होते. साध्या इंजिनाला, त्या मापाच्या पिस्टनसाठी, अकरा थाउ. टर्बोच्या इंजिनाला अठरा. माझं बोट अठरावर होतं. हे मला आजही लख्ख आठवतं, नखात ग्रीस होतं आणि ते बोट अठरावर होतं.

"अकरा," मी म्हणालो.

रस्त्यावरून धानाच्या पोत्यांचा ट्रक हॉर्न वाजवत गेला. शालिकभाऊंनी कानावरची पेन्सिल काढली आणि उजव्या पानावर लिहिलं, ११. त्याच्यापुढे कंसात, 'इंजिनियर साहेब'. त्यांच्या वहीत माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं.

"बरं झालं बाप्पा, तुमी शेजारी आहे," ते म्हणाले.

मी पुस्तक मिटलं. त्याच वेळी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. दिवाळी झाली, ते इंजिन खोलायला लागले, तेव्हाही आलं असतं. रोज सकाळी शटर उघडताना ठरवायचो, आज सांगू, वाचताना रकाना चुकला म्हणू. मग कुणीतरी काच खाली करून विचारायचं, शालिकभाऊ कहाँ बैठते हैं. आणि मी गप्प बसायचो.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा एके दुपारी त्यांच्या शेडसमोर गर्दी दिसली. चहावाला, पंक्चरवाला, येणारे जाणारे. मधोमध स्टोव्ह पेटलेला, त्यावर त्यांच्या बायकोची, कांतावहिनींची, जुनी कढई, आणि कढईत तेलात पिस्टनची रिंग. शालिकभाऊ चिमट्यानं ती उलटीपालटी करत होते.

"शालिकभाऊ, दोन प्लेट इकडं पन!" चहावाला ओरडला. सगळे हसले.

शालिकभाऊ हसले नाहीत. मला पाहून म्हणाले, "या जी, बरं आले. मले एका गोष्टीचा उलगडा होऊन नाई राहिला. नव्या रिंगा आणल्या अन् मापल्या, तं त्या मुदलातच अकराच्या निघाल्या. म्हणलं, एवढा जोर वाढवून राहिलो अन् रिंगले काईच कराले नाई लागत? असं कसं?"

त्यांनी चिमट्यानं कढत रिंग उचलली आणि जवळच ठेवलेल्या जुन्या सिलिंडरच्या नळीत सरकवली. नळी उजेडाकडे धरली. फटीतून उन्हाची बारीक रेघ दिसत होती. ती आमच्या डोळ्यांदेखत अरुंद झाली आणि मिटली. रिंग नळीत गच्च आवळून बसली. शालिकभाऊंनी बोटानं ढकलून पाहिली, हलली नाही.

"फोडला असता जी पिस्टन," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस सगळ्यांसमोर बोलणार, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं. ते काळजीत पडले होते.

"साहेब, तुमी अठरा म्हणले असान जी. मी अकरा ऐकलं. त्या वक्ती तो ट्रक गेला नाई का?"

अकरा आणि अठरा. इंग्रजीत म्हणालो असतो तर ही पळवाट नसती.

"हो," मी म्हणालो. "अठराच म्हटलं होतं."

त्यांनी तिथल्या तिथे वही उघडली आणि डाव्या पानावर लिहिलं. 'रिंगची जागा चुकली असती. ऐकाले कमी आलं. शालिक.'

इंजिन जानेवारीत सुरू झालं. अर्धं गोंदिया पाहायला आलं. शालिकभाऊंनी मला शेजारी बसवून गोरेगावच्या रस्त्यावर गाडी काढली. आधी ती नेहमीसारखीच चालली. मग त्यांनी पाय थोडा दाबला, समोरून टर्बोची बारीक शिटी आली आणि माझी पाठ सीटला चिकटली. ती मेंदी रंगाची म्हातारी गाडी ट्रकला मागे टाकून निघाली. शालिकभाऊंचे हात स्टेरिंगवर सैल होते.

"डावीकडं ओढते पाहा थोडी," ते म्हणाले, "पन सांगून ओढते."

माझ्या आयुष्यात मी असं काही केलेलं नव्हतं, आणि करणारही नव्हतो. ते मला त्या सीटवर बसल्या बसल्या समजलं.

मग त्यांनी विचारलं, "साहेब, शिटी बरोबर येऊन राहिली ना जी? मदी तुटून तं नाई राहिली? तुमी ऐका. माझ्या कानाचा आता भरवसा नाई."

मी वळून पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

तिथून सुरू झालं. गाडीवाले यायचे, शालिकभाऊ पेचकस लावायचे, डोळे मिटायचे, मग पेचकस खाली ठेवायचे. "इंजिनियर साहेबाले दाखवा. माझ्यानं आता ऐकणं होत नाई." कान दाखवायला दवाखान्यातही जाऊन आले. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? "म्हणते, वयाच्या मानानं चांगले आहेत. पन डॉक्टरनं कुठं अकरा-अठरा इचारलं?"

गाड्या माझ्याकडे यायला लागल्या. ज्याच्यासाठी सात-आठ वर्षं झुरलो ते आपल्या पायांनी चालत आलं. मी बॉनेट उघडून पेचकस कानाला लावायचो आणि घरघर ऐकायचो. शालिकभाऊ हातभर अंतरावर हात मागे बांधून उभे असायचे. त्यांना बिघाड ऐकू आलेला असायचा, ते त्यांच्या भुवयांवरून मला दिसायचं. पण ते बोलायचे नाहीत. स्वतःच्याच कानाला ते खोटं समजत होते. मी अंदाजानं काहीतरी सांगायचो, आणि ते मान हलवायचे, म्हणायचे, "तसंच असन जी."

एका लहानशा शब्दानं मी त्यांचा कान काढून घेतला होता, आणि माझ्या तो काही कामाचा नव्हता. तरी मी बोललो नाही. पाच वर्षं.

२०१२ च्या पावसाळ्यानंतर त्यांनी शेड सोडायचं ठरवलं. अर्जुनी मोरगावकडे भावाची शेती होती, तिथे जाणार होते. "न ऐकता गाडी खोलाची म्हंजे पाप आहे जी," म्हणाले. हत्यारं विकून झाली. एका सकाळी गाडीत सामान भरलं, वहिनी पुढे बसल्या, आणि इंजिन चालू ठेवून शालिकभाऊ माझ्या पाटीखाली आले. हातात तो लांब पेचकस होता. मूठ घासून गुळगुळीत झालेली.

"हा तुमी ठेवा," ते म्हणाले. "आता तुमच्या कामाचा."

मी तो हातात घेतला. आणि मग मला राहवलं नाही.

"शालिकभाऊ, पुस्तकात अठरा होतं. मी अकराच म्हणालो. तुम्ही बरोबर ऐकलं होतं."

त्यांनी उजवा कान पुढे केला. "पुन्हा सांगा जी."

पुन्हा सांगावं लागलं. मोठ्यानं. "मी अकराच म्हणालो होतो! माहीत असून! तुमच्या कानाला काही झालेलं नाही!"

चहावाल्यानं वळून पाहिलं. शालिकभाऊ गाडीपाशी गेले, इंजिन बंद केलं आणि वही घेऊन आले. ते डावं पान त्यांना शोधावं लागलं नाही. कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"तुमच्या हातानं लिवा."

मी 'ऐकाले कमी आलं. शालिक' यावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'चूक. बिसेन.'

त्यांनी वाचलं. "चूक नाई जी," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका कोरडा कधी ऐकला नव्हता. "चूक तं माहीत नसते तवा होते. दुसरं काई लिवा."

मी मागची डावी पानं चाळली. हेड गॅस्केट जळली. सेल्फची वायर जळली. मग मी 'चूक' खोडलं आणि एकच ओळ लिहिली. 'बिसेन जळला.'

त्यांनी ती ओळ पाहिली, वही मिटली. माझ्या हातातून पेन्सिल घेतली, कानावर ठेवली. मग पेचकसही घेतला. गाडी सुरू झाली, वळणापाशी ती बारीक शिटी आली आणि कमी होत गेली. शिटी अजिबात तुटत नव्हती.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पुढच्या महाशिवरात्रीला बायकोबरोबर अर्जुनी मोरगावकडच्या प्रतापगडाच्या यात्रेला गेलो होतो. डोंगराच्या पायथ्याशी गाड्यांची ही गर्दी. एका बाजूला एक प्रवासी जीप बॉनेट उघडून उभी होती, उतारू खाली उतरून कुरकुरत होते. बॉनेटवर राखाडी हाफ शर्ट वाकलेला दिसला. पेचकसाची मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले. आजूबाजूला भोंगे, नारळवाले, रडणारी पोरं, आणि मधे तो माणूस कान लावून उभा.

बायको म्हणाली, "ते शालिकभाऊ नाई का?" मी तिला थांबवलं. पुढे जायची हिंमत झाली नाही, आणि निघून जावंसंही वाटेना.

त्यांनी डोळे उघडले. पेचकस खाली घेतला. जीपचा ड्रायव्हर ओशाळून उभा होता, उतारू त्यालाच बोलत होते. शालिकभाऊंनी त्याला हातानं जरा बाजूला बोलावलं, नेहमीचं हातभर अंतर मोडून त्याच्या अगदी जवळ गेले आणि त्याच्या कानात काहीतरी कुजबुजले. मग हात मागे बांधून गर्दीतून चालू लागले. ड्रायव्हर ताठ झाला, उतारूंकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "समजलं मले! दहा मिंटात चालू करतो!"

इतक्या वर्षांत मी शालिकभाऊंचा नाही नाही तो हेवा केला. त्या दिवशी मला त्या ड्रायव्हरचा वाटला.